दार वाजवणारी ताई

ऑफिस रिकामं असलं तरी ती टॉयलेटचं प्रत्येक दार वाजवायची. शेवटच्या दारापाशी जरा जास्त थांबायची, कान लावून. "कुणी आहे का गं आत?"

इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलच्या एका कंप्युटर कंपनीत आम्ही दोघी सकाळी, लोक यायच्या आधी, साफसफाई करायचो. ती नागपूरची, केसांना खोबरेल चोपडून यायची; माझ्याहून मोठी, म्हणून मी ताई म्हणायचे. पहिल्याच दिवशी मी भीत भीत विचारलं, "ताई, कुलूप तर आत्ता आपणच उघडलं. आत कोण असणार?"

"बाहेरून कुलूप होतं म्हणून आत कुणी नाही, असं थोडंच आहे?"

मी बादली घेऊन दोन पावलं मागे सरकले.

मग मॉप पिळता पिळता तिनं सांगितलं. जपानच्या शाळांत म्हणे शेवटच्या संडासात एक मुलगी राहते. दार वाजवून हाक मारली की आतून बारीक आवाजात "हो" म्हणते. जो दार उघडेल त्याला आत ओढते. तिच्यावर चित्रांची गोष्ट निघते, मांगा म्हणतात, दर आठवड्याला थोडी थोडी. ताईची लेक, इथंच वाढलेली, मराठी मोडकंतोडकं बोलणारी, ती वाचायची.

लेक खोलीतून बाहेर येत नव्हती. शाळेत काय झालं ते तिनं सांगितलं नाही. एक दिवस दार लावलं ते लावलंच. ताई ताट दाराशी ठेवायची. ती कामाला निघाली की ते रिकामं व्हायचं. शाळेचं विचारलं, डॉक्टरचं नाव काढलं, की आत चिडीचूप. भुताचं विचारलं की मात्र आवाज यायचा. म्हणून ताई भुताचंच विचारायची.

लेक दारामागून ताईला गोष्ट सांगायची, ताई सकाळी मला. "तुला काय वाटते बाप्पा, पुढे काय होईल?" मी काहीतरी सांगायचे. ते ती घरी न्यायची.

"हसली गं पोरगी," एकदा ती आल्या आल्या म्हणाली. "म्हणे, मावशीला काहीच कळत नाही." त्या दिवशी तिनं आरसे जरा जास्तच चमकवले.

पुढे त्या गोष्टीची मालिका आली. पडद्यावर शेवटी त्या संडासातल्या मुलीला जाळून टाकलं. लेक खूप रडली. "असा नाही आहे, आई! पुस्तकात ती अजून आत आहे!"

"सगळी संध्याकाळ बोलली!" ताई मला सांगत होती, पोरगी परीक्षेत पहिली आल्यासारखं.

तुम्ही म्हणाल, हिला संशय कसा आला नाही? आला होता. मी त्या मुलीला कधी पाहिलं नव्हतं, फोटोतसुद्धा. कधी कधी वाटायचं, ताई रोज बोलते तरी कुणाशी?

एका रविवारी दुपारी मी शिरा घेऊन ताईकडे गेले. पॅसेजमध्ये अंधार होता. ताईनं लेकीच्या खोलीचं दार वाजवलं. "पिल्लू, मावशी आल्या बघ."

काहीच नाही. मी परत फिरणार, तोच दाराच्या अगदी खालून, कार्पेटजवळून आवाज आला.

"मावशी, ती बाहेर का नाही येते?"

ताई माझ्याकडे बघत होती. मला माणसांसमोर बोलता येत नाही, पण इथं नुसतं दार होतं.

"सगळे तिला घाबरायलाच हाक मारतात," मी म्हटलं. "जेवायला कुणीच मारत नाही."

आत काहीतरी हललं. कडी मात्र निघाली नाही.

थोड्या दिवसांनी ताई कामावर यायची थांबली. फोन बंद. मी तिच्या घरी गेले तर बाहेरचं दार उघडं, आत एक म्हातारा रंगारी.

"ग्लासगोला गेल्या," तो म्हणाला. "आई आणि एक उंच मुलगी. टॅक्सी येईपर्यंत मुलगी उन्हात डोळे मिटून उभी होती."

त्या खोलीचं दार सताड उघडं होतं. रंग अजून लागायचा होता. आतल्या बाजूला, खाली बसलं की डोकं टेकेल इतक्या उंचीवर, एक तेलकट डाग होता. मी दाराला वळसा घालून पलीकडे गेले. बाहेरच्या बाजूला, बरोबर त्याच्या पाठीला, तसाच दुसरा. त्याला खोबरेलाचा वास येत होता.