पुढारी कोण होता?

डर्बनला मुलीकडे गेले होते, तेव्हा बंदराजवळच्या बाकावर तीन म्हातारे ऊन खात बसलेले दिसायचे. तिघेही काळे, गोदीतले जुने हमाल. गोऱ्यांच्या राज्यात त्यांनी मोठा संप केला होता, असं मुलगी म्हणाली. एकदा तिच्यामार्फत मी विचारलं, “तुमचा पुढारी कोण होता हो?”

तिघांनीही एकदम आपापल्या छातीवर हात ठेवला. मग एकमेकांकडे बघून खो खो हसले.

“साहेबही हेच विचारायचा,” त्यांतला एक म्हणाला. “नाव सांगितलं की तो माणूस दुसऱ्या दिवशी गायब. म्हणून आम्ही सगळेच ‘मी’ म्हणायचो.”

“पण खरा कोण?”

तिघांचेही हात पुन्हा छातीवर गेले. गोऱ्यांचं राज्य गेलं, सवय गेली नव्हती.

घरी परतले तर आमच्या चौकात मोर्चाचा फ्लेक्स. पुढाऱ्यांच्या चेहऱ्यांची इतकी दाटी, की मोर्चा कशासाठी ते लिहायला जागाच उरली नव्हती. चीड आली, आणि तो बाक आठवला. त्यांचा पुढारी तिघांतलाच एक असेल, किंवा केव्हाच मेलाही असेल. त्याला त्यांनी अजून पकडून दिलेलं नाही.