एक हजार एकाची वाटणी

आज सकाळी दारावरून कडब्याचा ट्रॅक्टर गेला आणि त्या कोरड्या, गोडसर वासाबरोबर मी थेट हट्टा गावच्या शाळेत जाऊन उभी राहिले.

सत्तरीचं दशक नुकतंच लागलं होतं. मी नवी मास्तरीण, गावात एकटीच राहायची. सातवीला मूळ संख्या शिकवत होते. एक आणि ती स्वतः, एवढं सोडून जिला कशानंच पूर्ण भाग जात नाही, ती मूळ संख्या. फळ्यावर मोठ्या ऐटीत १००१ लिहिलं. दोननं, तीननं, पाचनं भाग जाईना, तेव्हा ठोकून दिलं, "ही मूळ संख्या."

मजुरीला जाणाऱ्या गयाबाईची सुमन उठली. "बाई, सातानं जाती की."

"खाली बस," मी खेकसले.

ती बसली नाही. "मायच्या टोळीत सात बाया हायत. कापणीच्या पेंढ्या अशाच वाटतेत. आधी शंभर-शंभर, मंग चाळीस-चाळीस, मंग तीन-तीन. एकबी उरत न्हाई."

मी फळ्यावर भागाकार मांडला. खाली शून्य आलं. ती संख्या अकरानं आणि तेरानंही जाते, हे तर खोलीवर गेल्यावर कळलं.

तेव्हा वाटलं होतं, पोरीनं चारचौघांत माझी अब्रू घेतली. आता मात्र आठवतो तो फक्त तिचा आवाज, खाली बसता बसता माझीच समजूत घालणारा.

"असू द्या बाई. एकटीला न्हाई जमत वाटणी. सात जणी लागतेत."