तिसरं कोटेशन

माझ्या बायकोच्या मामांनी आयुष्यात एकही वस्तू चुकीची घेतली नाही, आणि याचं मुख्य कारण असं की त्यांनी फारशा वस्तू घेतल्याच नाहीत. बोईसरला त्यांच्या घरी पहिल्यांदा गेलेला माणूस इकडेतिकडे बघतो आणि सामान अजून यायचंय का, असं विचारतो. वास्तविक तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला लागल्यापासून मामा त्याच घरात राहतात, आणि आता निवृत्त होऊनही त्यांना बराच काळ झाला. मिरजेकडचा हा माणूस रसायनांच्या एका कारखान्यात खरेदी विभागात चिकटला आणि तिथल्या एका नियमाने त्यांना जन्माचं झपाटलं. तीन पार्ट्यांकडून कोटेशन आल्याशिवाय साधा झाडूही विकत घ्यायचा नाही, असा तो नियम. बाकीच्यांसाठी तो संध्याकाळचा भोंगा झाला की संपायचा, मामा तो रिकाम्या डब्याबरोबर घरी घेऊन यायचे. "दोन कोटेशनांत निवड होत नसते, नुसतं भांडण लागतं," ते मला समजावत. "तिसरं आलं की माणूस शहाणा होतो."

बाजारात मामा पिशवी घेऊन शिरले की भाजीवाले एकमेकांकडे बघून हसत. किनाऱ्यावरच्या दांडी गावाहून मासळी घेऊन येणारी एक मावशी तर त्यांना दुरूनच हात जोडायची. मिरजेचा असूनही मामांना बोंबील फार आवडतात, पण मावशीचा भाव ऐकून ते टोपली उघडी ठेवायला सांगत आणि पुढच्या दोघींकडे चौकशीला जात. "काका, घ्यायचा हाय का नाय ते बोला," ती एकदा वैतागून म्हणाली, "तुमचे तीन भाव होईस्तोवर माझा बोंबील सुकंल." मामांनी तिला शांतपणे सांगितलं की सुक्या बोंबलाचा दर मग वेगळा लागेल. घरी मिक्सर घ्यायचा ठरला तेव्हाही दोन कंपन्यांची माहिती तपशीलवार जमली होती. तिसरी कंपनी नेमकी त्याच सुमाराला बंद पडली आणि मामी पुढे कितीतरी वर्षं पाट्यावर वाटण वाटत राहिल्या.

माझी स्वतःची निवडही याच रीतीने झालेली आहे. बायकोचे वडील लवकर गेले, त्यामुळे तिच्यासाठी स्थळं बघायचं काम मामांवर आलं. त्यांनी तीन मुलगे गोळा केले, पगार, उंची, स्वभाव आणि बोईसरपासूनचं अंतर अशा रकान्यांत आम्हाला शेजारी शेजारी मांडलं, आणि त्यात मी दुसरा आलो. पहिला आलेला मुलगा मामांच्या निर्णयाची वाट बघून कंटाळला आणि त्याने दुसरीकडे लग्न करून टाकलं. "पहिल्या पार्टीची मुदत संपली, म्हणून तुमच्यावर आलो," हे मामांनी मला लग्नाच्या पंगतीतच सांगितलं, तेही मला आनंद होईल अशा खात्रीने. अजूनही भांडण जुंपलं की बायको त्या पहिल्या पार्टीची आठवण काढते.

तरीही मामांवर माझा फार जीव आहे. आम्ही पालघरला घर घ्यायचं ठरवलं तेव्हा हा माणूस भर उन्हात आमच्याबरोबर इमारती हिंडला. प्रत्येक भिंत नाण्याने वाजवून बघितली, नळाचं पाणी ओंजळीत घेऊन चाखलं, आणि जिन्यात भेटलेल्या बायकांना विचारून घेतलं की पाणी खरंच रोज येतं का. दुसऱ्याच्या घरासाठी इतका जीव टाकणारा माणूस मी पाहिलेला नाही. त्यांची चिकित्सा कंजूषपणातून आलेली नव्हती. आपल्या माणसाच्या पदरात उणं काही पडू नये, या काळजीपोटी ते असे अडून बसत, आणि पुढे जे झालं तेही या काळजीपोटीच झालं.

मामींना गेल्या काही वर्षांत ऐकू येणं फार कमी झालं आहे. कानाचं यंत्र लावून पाहिलं, पण त्यातून सगळं जग भांडी आपटतंय असं वाटतं म्हणून त्यांनी ते डबीत घालून ठेवलं. फोनवर बोलणं त्यामुळे बंदच झालं. त्यांची थोरली बहीण, अक्का, मिरजेजवळच्या गावी आपल्या मुलीकडे राहते. आई लहानपणी गेल्यामुळे मामींना वाढवलं ते अक्कांनी, त्यामुळे त्यांच्याशी न बोलता राहणं मामींना जड जात होतं. मग अक्कांच्या मुलीने व्हिडिओ कॉल करायला शिकवलं आणि दोघी बहिणींना नवा उद्योग मिळाला. अक्का कढईतली वांगी फोनसमोर धरायच्या, मामी चिंचणीच्या वाडीतून आलेले चिकू दाखवायच्या, आणि अक्कांच्या ओठांवरून मामींना शब्द न शब्द कळायचा. कान नसले तरी चालत होतं, फक्त चित्र नीट दिसायला हवं होतं.

घोडं नेमकं तिथेच अडायचं. मामांचं घर इमारतीच्या मागच्या अंगाला, समोर गोदामाची उंच पत्र्याची भिंत, त्यामुळे मोबाइलची रेंज घरात धड येतच नाही. अक्कांचं तोंड अर्धवट उघडं असताना चित्र थांबायचं आणि मामी तो शब्द पुरा होण्याची वाट बघत फोन हातात धरून बसायच्या. गच्चीवर रेंज येते, पण त्यांचे गुडघे जिना चढू देत नाहीत. कधीतरी रविवारी त्या पालघरला आमच्याकडे यायच्या आणि आमच्या इंटरनेटवर मनसोक्त बोलून घ्यायच्या. अशातच अक्कांच्या मुलीने कळवलं की आईला विस्मरण होऊ लागलंय, ती माणसं विसरते आहे. मुलीच्या एक लक्षात आलं होतं, की धाकट्या बहिणीचं तोंड रोज दिसलं की अक्का थाऱ्यावर असतात, मध्ये दिवस गेले की हातातून सुटत जातात. मावशीने, म्हणजे मामींनी, कसंही करून रोज दिसावं, असा तिचा निरोप होता.

निरोप ऐकून मामा एकदम गंभीर झाले आणि त्याच संध्याकाळी घरी इंटरनेट घ्यायचं त्यांनी जाहीर केलं. त्यांच्या भागात दोन कंपन्या होत्या. दोघींची वायर थेट इमारतीच्या जिन्यापर्यंत आलेली होती. त्यातल्या एकीचा वायरमन चिंचणीचा, गोड बोलणारा माणूस. तो दुसऱ्या दिवशी सकाळीच दारात उभा राहिला. "काका, वायर इथंच हाय, तुमच्या डोक्यावर," तो म्हणाला. "तुमी फक्त हो बोला. आमी दुपारच्या आत चालू करून देतो." मामांनी त्याला बसवलं, चहा दिला, त्याची सगळी माहिती लिहून घेतली आणि कळवतो म्हणून सांगितलं. दुसऱ्या कंपनीच्या माणसालाही चहा मिळाला. मग मामांनी विचारलं, की तिसरी कंपनी कोणती? तिसरी नव्हतीच.

तिसरी नाही म्हटल्यावर मामांनी निदान या दोघींची कसून परीक्षा घ्यायची ठरवली. अक्कांना मामी स्वच्छ दिसायच्या तर आपल्याकडे येणारा वेग नव्हे, आपल्याकडून जाणारा वेग चांगला पाहिजे, हा शोध त्यांना लागला, आणि त्या दिवसापासून बोईसरात मामांना कुणाच्याही घरी जायला कुठलंही निमित्त पुरू लागलं. इमारतीतल्या निम्म्या लोकांना त्यांनी एका कंपनीचं कनेक्शन घ्यायला लावलं आणि उरलेल्यांना दुसरीचं, म्हणजे तुलना सोपी जावी. संध्याकाळी सगळे कामावरून परतले की त्या गर्दीच्या वेळी वेग किती पडतो ते बघायला मामा घरोघर फिरत. एका बारशाला त्यांनी बाळाच्या नावाआधी वायफायचा पासवर्ड विचारला. वरच्या मजल्यावर कारखान्यात काम करणारे उत्तर प्रदेशातले काही जण राहतात, त्यांच्या दारात उभं राहून "भैया, अपलोड कितना आताय?" असं ते रोज विचारायचे, आणि ते बिचारे "चाचा, पहले चाय तो पी लीजिए" म्हणून त्यांना आत घ्यायचे. अख्ख्या इमारतीत इंटरनेट खेळू लागलं, पण दुसऱ्याच्या घरी बसून बोलायला मामींना आपल्या चढ्या आवाजाचा संकोच वाटे. बिनवायरीचं असं एकच घर राहिलं, ते मामांचं.

त्याच सुमाराला स्टेशनकडून तारापूरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेने कुणीतरी चर खणून इंटरनेटच्या वायरीसाठी नारिंगी नळ्या टाकायला सुरुवात केली. मामांना आकाश ठेंगणं झालं. तिसरी पार्टी येत होती. त्यांचं सकाळचं फिरणं त्या चराच्या बाजूने सुरू झालं आणि काम कुठवर आलं याची बातमी ते मला फोनवर देऊ लागले. कोणती कंपनी, हे खणणाऱ्यांना माहीत नव्हतं, ते ठेकेदाराकडे बोट दाखवत, आणि ठेकेदार कधी जागेवर सापडत नसे. पावसाळ्यात काम थांबलं, आणि गुडघ्यांमुळे मामींचं पालघरला येणंही. गणपतीत काम पुन्हा सुरू झालं आणि दिवाळीच्या तोंडावर रस्त्याखालच्या एका मोरीपाशी अडलं. तोवर पहिल्या दोघींच्या योजना बदलल्या होत्या, म्हणजे जुनी माहिती बाद झाली आणि मामांना चहापासून पुन्हा सुरुवात करावी लागली. माझ्या बायकोने एकदा हट्ट धरला की मी फोनवरून आत्ताच्या आत्ता कनेक्शन घेऊन टाकते. मामा रागावले नाहीत. फक्त इतके खट्टू झाले की तिलाच वाईट वाटलं. "हिच्या अक्काचा प्रश्न आहे," ते म्हणाले. "ऐन बोलण्यात वायर दगा देणारी निघाली तर मी हिला काय तोंड दाखवू?" मामी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी मामांच्या ओठांवरून काय ओळखलं कोण जाणे, पण ऐकू न येणाऱ्या माणसाच्या त्या चढ्या आवाजात त्या म्हणाल्या, "तीन नकोत हो. मला एक पुरेल."

अखेर तिसरी कंपनी आली. मामांनी तिच्या माणसाचं स्वागत व्याह्यासारखं केलं. दोन दिवस तिन्ही पार्ट्या शेजारी शेजारी मांडल्या, हिशेब केला, आणि निवड झाली ती चिंचणीच्या वायरमनची. त्याने कबूल केल्याप्रमाणे दुपारच्या आत सगळं चालू करून दिलं. संध्याकाळी आम्हाला पालघरहून मुद्दाम बोलावलं होतं. मामींनी राउटरला हळदकुंकू वाहिलं, नवी साडी नेसून त्या खुर्चीवर बसल्या, आणि मामांनी कॉल लावून फोन त्यांच्यासमोर धरला. चित्र इतकं स्वच्छ होतं की अक्कांच्या नाकातली चमकी दिसत होती. मामांनी माझ्याकडे एकदा अभिमानाने पाहिलं.

अक्का बराच वेळ फोनकडे बघत होत्या. मग त्या आपल्या मुलीकडे वळून म्हणाल्या, "कोण गं ही बाई? मघाधरनं माझ्याकडं बघून हसाय लागलीया. दिसायला चांगली हाय."

मामींनी मामांकडे मान वळवली आणि विचारलं, "काय म्हणाली अक्का?" आयुष्यभर कुठल्याही पार्टीच्या कागदातला एक शब्द इकडचा तिकडे न केलेले मामा ओठ मोठे हलवत म्हणाले, "दिसायला चांगली आहेस म्हणाली." मामींनी हो म्हणून मान हलवली. पदर सारखा केला, पुन्हा फोनकडे वळल्या, आणि जिला जन्मभर अगं-तुगं केलं त्या बहिणीला त्यांनी मोठ्याने विचारलं, "तुम्ही बऱ्या आहात ना? जेवण झालं का तुमचं?"

पुढे त्या दोघी बराच वेळ बोलत होत्या, अनोळखी बायका देवळाच्या पायरीवर बोलतात तसं. मामा फोन माझ्या बायकोच्या हातात देऊन बाहेरच्या खोलीत आले आणि माझ्याजवळ बसले. "जावईबापू," ते हळूच म्हणाले, "त्या पहिल्या दिवशी त्याला हो म्हटलं असतं तर?" मी म्हणालो, की असले आजार वायरीने थांबत नसतात. तसं खरंच असेल. पण मला स्वतःलाही त्याची खात्री नव्हती, आणि माणसाच्या आवाजावरून त्याची खात्री किती आहे हे ओळखण्यात मामांची हयात गेलेली होती. त्यांनी नुसती मान हलवली. मला त्यांच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला, पण आमच्यात तशी पद्धत नव्हती.

मध्यंतरी मी बोईसरला गेलो होतो. मामांच्या मजल्यावर कोल्हापूरकडचं एक नवं कुटुंब राहायला आलं आहे. घरधन्याने जिन्यातच मामांना गाठलं आणि इंटरनेट कुणाचं घ्यावं म्हणून विचारलं, कारण या विषयात त्यांच्या शब्दाबाहेर इमारतीत कुणी जात नाही, हे त्याने ऐकलं होतं. मी आपला जिन्याच्या कठड्याला टेकून तासाभराची तयारी केली. मामा म्हणाले, "आज येऊन जोडून देईल त्याचं घ्या," आणि कॉलची वेळ झाली म्हणून घाईने दाराकडे वळले. दार उघडंच होतं. आतून मामींचा चढा आवाज येत होता. त्या अक्कांना आपलं नाव सांगत होत्या.