शाळेची सावड

"तिला म्होरं उबी करा. इंग्रजी येतंय तिला. बोलत न्हाई, एवढंच."

काकू हे माझ्या आईला सांगत होती, शाळेच्या मागच्या पडवीत, परातीत तांदळाची भाकरी थापता थापता. मी खिडकीच्या आत, वर्गात, ताटं पुसत होते. आई हसली. मलाही हसू आलं, पण मी ते हातातल्या ताटाला दाखवलं, त्यांना नाही.

ही आमच्या गावची शाळा, चौथीपर्यंतची. मी मात्र हिच्यात कधी शिकले नाही. लोणावळ्याच्या इंग्रजी शाळेची पिवळी बस मला हिच्याच फाटकासमोरून घेऊन जायची. आत मुलं प्रार्थनेला उभी असत. त्यांच्यातलं कुणीतरी हात करायचं. मी करावा की नाही हे ठरेपर्यंत बस वळलेली असायची.

शाळेत एक गुरुजी आणि एक बाई. गुरुजी सरकारी. बाई कान्ह्याहून येतात, त्यांचं मानधन गावानं द्यायचं. आधी ते एक कारखाना द्यायचा, मग त्यानं ते थांबवलं. बाई गेल्या तर चारही वर्ग एकट्या गुरुजींवर पडणार, आणि ज्यांना झेपेल ते आपापली पोरं पिवळ्या बसमध्ये बसवणार. डोंगरावरच्या वाडीतल्या पोरांना मात्र दुसरी शाळाच नाही.

वर्गणीची बैठक झाली तेव्हा वाडीवरची एक मावशी पदर नीट करत दाराशी सरकली आणि कधी उठून गेली ते कळलंच नाही. तिची नात दुसरीत आहे. पुढच्या बैठकीला वाडीवरचं कुणीच आलं नाही. तेव्हा काकू म्हणाली, "लावणीला आपण एकमेकींच्या वावरात जातो, तवा कोन पैसं मागतं? आज तुजं, उद्या माजं. सावडच ना ती? मंग शाळंची पन सावड करू."

शाळेला वावर नव्हतं, पण मैदान होतं. पावसाळ्यात दर रविवारी कार्ल्याकडे येणाऱ्या गाड्यांना उभं राहायला जागा मिळत नाही आणि माणसांना धड जेवण मिळत नाही. म्हणून मैदानात गाड्या आणि पहिलीच्या वर्गात पंगत असं ठरलं. कुणी पीठ दिलं, कुणी डाळ. ज्यांच्याकडे द्यायला काही नव्हतं त्यांनी हात दिले. वाडीवरची मावशी भारंगीचा भारा डोक्यावर घेऊन आली आणि आल्या आल्या भाजी कुणी चिरायची यावरून काकूशी भांडली. त्या दिवसापासून भाजीचा कारभार तिचा.

पहिल्या रविवारी लोक पोटभर जेवले, तोंड भरून बोलले आणि गेले. हाती जे राहिलं त्यात पीठसुद्धा भागलं नसतं.

कारण साधं होतं. आमच्या बायकांना रिकामं ताट बघवत नाही. "एका भाकरीनं काय व्हतंय? घ्या की!" म्हणत त्या दुसरी वाढायच्या, मग तिसरी. आणि पाहुण्यांनी पैसे विचारले की सगळ्यांचं उत्तर एकच, "द्या समजून." कुणी बरं समजून दिलं, कुणी कमी समजून. एका आजोबांनी समजून आशीर्वाद दिला.

गुरुजींनी मग फळ्यावर खडूनं ताटाचा दर लिहून तो दाराशी उभा केला. काकूनं तो भिंतीकडे फिरवला. "जेवणाऱ्याच्या तोंडावर दर लावायचा? लाज न्हाई वाटत?"

"काकू, फळा उलटा केलात तर वाचणार कोण?" गुरुजी म्हणाले.

"जे शिकलेत ते."

म्हणून मला पुढे उभं केलं होतं. पैसे विचारले की मी हसायचे आणि फळ्याच्या पाठीकडे बोट करायचे. दर माझ्या तोंडात अगदी तयार असायचा, पण समोरच्याच्या ओठाला अजून भाकरीचं पीठ लागलेलं असायचं.

एका रविवारी बाईही मदतीला आल्या होत्या. भाकऱ्या आत न्यायला उचलताना त्या आईला हळूच म्हणाल्या, "मला कामशेतला एका शाळेत बोलावलंय. मला हितंच आवडतं हो. पण घरी काय सांगू?" आईनं तव्यावरची भाकरी उलटली. शेजारी थापत बसलेल्या काकूनंही ते ऐकलं.

दुपारी पुण्याचं एक कुटुंब आलं. पाच जण. मुलगा कडू भारंगीला नाक मुरडत बसला आणि वाडीवरच्या मावशीनं त्याला "खा रं राजा, गोड हाय," असं धडधडीत खोटं सांगून खायला लावली. सगळे हात धुऊन आले. वडिलांनी खिशात हात घातला आणि विचारलं, "मावशी, किती झाले?"

काकूच्या हातात भाकरी तशीच राहिली. "द्या सम..." इथपर्यंत ती आली आणि थांबली. तिनं बाईंकडे बघितलं, मग माझ्याकडे. मावशीही भाजीचं पातेलं खाली ठेवून माझ्याकडेच बघत होती.

तेवढ्यात त्या कुटुंबातल्या ताईंनी मला हसून विचारलं, "तू पण याच शाळेतली का गं?"

पडवीतल्या सगळ्या बायकांना उत्तर माहीत होतं. मी दाराशी गेले. फळा जड होता. तो मी सरळ केला, पुसट झालेल्या आकड्यावर खडू फिरवला आणि म्हणाले,

"न्हाई, मी हितं नाही शिकले. पण शाळा आमची आहे. पाच ताटं झाली, एका ताटाचे फळ्यावर लिहिलेत तेवढे द्या. आणि भाकरी हवी तेवढी घ्या, तिचे पैसे नाहीत."