आईच्या मुठीतला इजिप्तचा भुंगा

आधीच सांगतो — मी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. काही अडकलं की वायर तपासायची, देवऋषी शोधायचा नाही. लिंबू-मिरची बांधणाऱ्यांची तर मी आयुष्यभर टिंगल केली. त्यामुळे हे लिहिताना जरा लाजच वाटतेय…

मुलुंड पूर्व, तिसरा मजला, रविवारची दुपार. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर आईची वाचा गेली होती. मूळची मालवणची, अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असं बोलणारी बाई, आणि आता घर सुनंसुनं. मला तिचा आवाज परत हवा होता, बाकी काही नको.

माझी मुलगी ऋचा ऑफिसच्या कामासाठी कैरोला गेली होती. येताना तिने मुठीत मावणारा दगडी भुंगा आणला, पोटावर चित्रलिपी कोरलेली. दुकानातली नक्कल हो. "आजीला बोटांच्या व्यायामाला होईल ना," म्हणाली. आईने तो आधी कपाळाला लावला, मग खुणेने त्याला हळद-कुंकू वाहायला लावलं! शाळिग्राम वाटला असणार.

त्या दुपारी ऋचा स्वतःच्या लग्नाची पत्रिका मोबाइलवरून वाचून दाखवत होती. फक्त नवरा-नवरीची नावं.

"आईबापांची नावं कुठे गं?" बायकोने विचारलं.

"मम्मी, आता कोण घालतं यार!"

आईचा अंगठा भुंग्याच्या पोटावरून हळूहळू फिरत होता… आणि ती बोलली. जड, पण स्पष्ट.

"हिच्या बापाशीचा नाव युया. आवशीचा तुया."

मी सरळ रडलोच. नावं कुणाची, याची फिकीर कुणाला होती?

ऋचाला होती. तिने भुंग्याचा फोटो कैरोच्या ऑफिसातल्या मैत्रिणीला पाठवला. तिने तिथल्या संग्रहालयात विचारून कळवलं — राजा तिसरा आमेनहोतेप मोठ्या बातम्या अशा भुंग्यांवर कोरून दूरदूर पाठवायचा. हा त्याच्या राणीचा, तियेचा; याला 'लग्नाचा भुंगा' म्हणतात. त्यावर लिहिलंय : तिच्या वडिलांचं नाव युया, आईचं नाव तुया.

म्हणजे पत्रिकाच की! ऋचाने गुपचूप आमची नावं घातली.

आई चौथी शिकलेली. काय कोरलंय ते ऋचालाही ठाऊक नव्हतं. टीव्हीवर ऐकलं म्हणावं, तर आईसमोर फक्त भजनं लागतात. डॉक्टर म्हणाले, वाचा कधीकधी अशी अचानक परत येते. मान्य… पण ती नावं?

दुसऱ्या दिवशी आईलाच विचारलं.

"कोण ते? माका काय म्हायत! चाय व्हयी माका."

मला आजही उत्तर मिळालेलं नाही. आई मात्र बोलते. काल साखर कमी पडली म्हणून होणाऱ्या व्याह्यांसमोर तिने मला चांगलंच झापलं. मी कप हातात धरून तसाच उभा राहिलो, तिने आणखी बोलावं म्हणून.