बाभळीच्या विस्तवावर बारा तंगड्या

आमच्या खानदानातला पहिला ग्रॅज्युएट मी. बी.एस्सी., रसायनशास्त्र. कोणी विचारलं नाही तरी मी हे सांगतो, कारण आमच्या गावात कोणी विचारतच नाही. धान किती झालं ते विचारतात, म्हैस व्याली का ते विचारतात. म्हणून त्या मंडईच्या दिवशी विस्तव पेटवायचं काम मी स्वतःहून अंगावर घेतलं. त्यात थोडा प्रश्न माझ्या डिग्रीचा होता. पण खरा प्रश्न भाऊजींचा होता.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे मालक, देवरीकडचे. मंडई म्हणजे भाजीची नव्हे, जत्रा. दिवाळी झाली की आमच्याकडे ती गावोगावी भरते आणि घराघरात पाहुणे येतात. लेकी-जावई तर हक्काचेच. दोन वर्षांपूर्वीच्या मंडईला बाबांनी कोंबडा कापला. कोंबड्याला तंगड्या दोन, आणि पंगतीला जावई तीन. दोन चुलत, एक सख्खा. बाबांनी दोन्ही तंगड्या चुलत जावयांना वाढल्या. का, तर म्हणे, "आपला जवाई घरचा मानूस. तो समजून घेईन."

घरच्या माणसानं समजून घेतलं नाही. त्याच्या ताटात मान आली होती. भाऊजी अर्ध्या ताटावरून उठले, गाडीला किक मारली आणि गेले ते गेलेच. तेव्हापासून ताई यायची ती एकटी, बसनं. एक रात्र राहायची, सकाळी परत. बाबा म्हणायचे, "एका हाडकापायी मी का त्याच्या पाया पडू?" आणि माय म्हणायची, "साऱ्या गावच्या लेकी जवायासंग येतेत. माहीच लेक टाकून देल्यावानी एकटी येते." हे ती बाबांना ऐकू जाईल अशा बेतानंच म्हणायची.

यंदा मी फोन लावला. म्हटलं, "भाऊजी, औंदा कोंबडा कापतच नाही. नुसत्या तंगड्या आनतो, बारा. घरामागं सांदवाडीत इस्तवावर भाजू. कोनाच्याही ताटात काहीही पडलं तरी तंगडीच पडन."

पलीकडून, "बारा?"

"बारा."

"पाहतो."

आमच्याकडे 'पाहतो' म्हणजे होच असतं. मायनं त्याच दिवशी आंगण सारवलं.

मग प्रश्न आला जळणाचा. बाबा म्हणाले, गोवऱ्या. मी म्हटलं, गोवरीचा वास मटणाला लागतो, कोंबडीला तर जास्तच लागेल. "गोवरीवरचे रोडगे खातानी नाही लागत तुले वास?" बाबा म्हणाले. मी विषय बदलला.

शेजारचे काका कुंपणावर हात ठेवून उभेच होते. त्यांना माझ्या डिग्रीचं काडीचं कौतुक नाही. ते म्हणाले, "राईस मिलवरून कोंडा आन ना. पोतंभर फुकट भेटते."

"कोंडा धुमसत राहतो काका, लाल होत नाही. त्यात सिलिका असते."

"काय असते?"

"सिलिका. म्हणजे एक प्रकारची रेतीच समजा."

"कोंड्यात रेती?" काका बाबांकडे वळले. "मी म्हनतच होतो, तो मिलवाला काही खरा मानूस नाही."

तुराट्या भक्कन पेटतात आणि तंगडी आतून कच्चीच राहते. कडुनिंब कडू धूर देतो. पडलेलं आंब्याचं झाड होतं, पण आतून ओलं. इस्त्रीवाल्याकडून कोळसा आणला, तर पोत्यात अर्धा भुगा. शेवटी मी निर्णय दिला, बाभूळ. बांधावरची, दोन उन्हाळे वाळलेली. पेटायला कठीण, पण एकदा निखारा धरला की तासभर लाल राहते आणि धूर बेताचा. हा निर्णय आजही मला बरोबर वाटतो. चूक पुढे झाली.

तंगड्या ठेवायला जाळी पाहिजे होती. बाजारातली नवी जाळी जस्त चढवलेली, आणि जस्त तापलं की त्याचा धूर बाधतो, हे शिकलेल्या माणसाला ठाऊक असतं. म्हणून मी शेळ्यांच्या गोठ्याचं जुनं लोखंडी फाटक काढलं, राखेनं घासलं आणि आधी एकदा नुसतंच तापवून घेतलं. फाटक साडेपाच फूट लांब. मग विटांच्या दोन ओळी साडेपाच फूट, आणि मधलं जळणही साडेपाच फूट. बारा तंगड्यांना एवढी जागा लागत नाही, हे कळायला तेव्हा वेळ नव्हता.

लाकडं मी शास्त्रानं रचली. एक थर आडवा, एक थर उभा, पुन्हा आडवा, पुन्हा उभा. मधून ऑक्सिजन खेळला पाहिजे. चांगला गुडघ्याच्या वर ढीग झाला. राशनचं रॉकेल बंद होऊन जमाना झाला. काका म्हणाले, गाडीतलं पेट्रोल काढ. मी म्हटलं, काका, पेट्रोल भडकलं तर जावयाच्या आधी आपण जाऊ. मी देवघरातला कापूर घेतला, मायला न विचारता वाटीभर तूप घेतलं, आणि लाकडांच्या फटीफटीतून घातलं. काका "हं" म्हणाले आणि मंडई पाहायला निघून गेले.

कापूर झपकन पेटला, झपकन विझला. बाभूळ जशीच्या तशी. नुसता धूर झाला आणि तो सरळ बाबांवर गेला. बाबा तिथंच खाटेवर आडवे झाले होते, "बी.एस्सी.चा तमाशा पाहतो" म्हणून. त्यांनी मला दोन शिव्या दिल्या, पांढरं धोतर डोक्यापासून पायापर्यंत ओढून घेतलं आणि पाच मिनिटांत घोरायचेही बंद झाले, म्हणजे गाढ झोपले.

माझ्या नव्या शर्टला ठिणगीनं भोक पडलं होतं, म्हणून मी शर्ट काढला आणि ओला दुपट्टा खांद्यावर टाकला. मग डोक्यात आलं की मायच्या चुलीत तयार निखारे आहेत, तेच मधोमध टाकावे. फावड्याचा दांडा मोडलेला. एक मडकं दिसलं. निखारे मडक्यात भरले, हात पोळू नये म्हणून मडक्याच्या गळ्याला सुतळी बांधली, आणि मडकं पुढं लोंबतं धरून, एकेक पाऊल जपून टाकत मी सांदवाडीत निघालो. खरं सांगतो, मला त्या वेळी फक्त ऑक्सिजन दिसत होता.

भाऊजी नेमके तेव्हा आले. ताई पुढच्या दारानं मायकडे आत गेली. भाऊजी तांब्या घेऊन, रीतीप्रमाणे, पाय धुवायला मागं आले.

त्यांनी पाहिलं ते असं. सांदवाडीत आडव्या-उभ्या लाकडांचा माणसाएवढा लांब ढीग. त्यावर तूप, कापराचा वास. बाजूला खाटेवर पांढऱ्या धोतराखाली सासरा, हालचाल नाही. आणि उघड्या अंगानं, ओला दुपट्टा टाकून, विस्तवाचं मडकं धरून पुढं चाललेला एकुलता एक मुलगा.

तांब्या हातातून पडला. भाऊजी धावत खाटेपाशी गेले आणि बाबांच्या पायांवर पडले.

"मामाजी! मामाजी जी! एका तंगडीपायी दोन साल तुमच्याशी बोललो नाही जी मी! मान खाल्ली असती तं का मरत होतो मी!"

झोपेत कोणी पाय धरला की माणूस जे करतो तेच बाबांनी केलं. लाथ मारली. धोतर एकीकडं उडालं, भाऊजी दुसरीकडं.

"कोन व्हय बे? कुत्रं शिरलं का घरात?"

आरडाओरडा ऐकून माय आणि ताई बाहेर आल्या. मायनं आधी मला पाहिलं. "अगा माय वं! हे काय घेऊन उभा हायेस हातात? ठेव! खाली ठेव ते!"

"इस्तो आहे."

"कोनासाठी?"

"तंगड्यांसाठी."

भाऊजी उठले. कपड्याला माती, गालावर आसवं, आणि चेहरा हळूहळू लाल होत चाललेला. "मले घरी बलावून हे नाटक दाखवता?" ते माझ्याकडे पाहत होते. "रडवता मले? अन् वरून लाथ? चाल वं, बस गाडीवर." ताईच्या हातातली बॅग अजून खालीही ठेवली गेली नव्हती. तिनं ती तशीच काखेत घेतली. मायनं माझ्याकडं पाहिलं. मी बारावीत नापास झालो असतो तरी तिनं तसं पाहिलं नसतं.

मी समजावायला गेलो. "भाऊजी, त्याचं काय आहे, हवा खेळती राहावी म्हणून…"

"चूप बस बे," बाबा म्हणाले.

ते खाटेवरून उतरले. लाकडांपाशी गेले. विटांच्या एका टोकाला पाय ठेवून दुसऱ्या टोकापर्यंत पावलं मोजली. मग वाकून लाकडाला बोट लावलं आणि वास घेतला.

"जवाई," बाबा म्हणाले. दोन वर्षांत पहिल्यांदा. "तुमी जाऊ नोका जी. बराबर माहं माप घेतलन यानं. तूपही घातलन, घरचं. तुमी गेले तं हा मले ठेवतेच याच्यावर."

भाऊजींनी तोंड वाकडं करून राग धरून ठेवायचा प्रयत्न केला. नाकातून एकदा आवाज आला. मग दुसऱ्यांदा. मग ते खाली बसले आणि पोट धरून हसायला लागले, आणि बाबाही. मी मडकं धरून उभाच होतो. मला कोणी बसही म्हटलं नाही.

हसणं झाल्यावर भाऊजी ढिगाकडे आले. "असा रचतेत का इस्तो, बाबू? याले हवा भेटन, पन निखारा कुठं जमन?" त्यांनी अर्धी लाकडं उपसून टाकली, उरलेली एका टोकाला गोळा केली, खाली तुराट्या मोडून घातल्या, माझ्या हातातलं मडकं घेऊन निखारे मधोमध ओतले. "आधी जळू द्याचं, जाळ बसू द्याचा, मंग भाजाचं. फुकनी आना."

"एक गोवरी ठेवा," बाबा म्हणाले.

"नाही जी मामाजी, बाभूळ बस झाली."

"गोवरी ठेवा म्हनतो ना."

"वास लागते जी."

"रोडगे खातानी…"

एक गोवरी ठेवली. ती पेटली, तिच्यानं तुराट्या पेटल्या, तुराट्यांनी बाभूळ पेटली. यात माझं विज्ञान हरलं असं मी मानत नाही. फुकणीतून जातो तो ऑक्सिजनच असतो. पण हे त्या दिवशी बोलायची सोय नव्हती. सासरा-जावई डोक्याला डोकं लावून आळीपाळीनं फुंकत होते आणि एकमेकांचं फुंकणं कसं चुकतं ते सांगत होते.

दिवस मावळायला निखारे लाल झाले आणि तंगड्या शेळ्यांच्या फाटकावर चढल्या. भाऊजींनी चार खाल्ल्या, बाबांनी तीन. मला आली ती अर्धी कच्ची.

हात धुताना ताई मायला हळूच म्हणाली, "उद्या सकाळी निघाव लागन वं. गाडी लवकर काढतो म्हनत होते."

भाऊजी ताटावरून मान वर न करता म्हणाले, "कायले? परवाचा दंडारीचा खेळ पाहाले कोन जाईन मंग?"

माय उठली, आत गेली, आणि सुपात आणखी तांदूळ घेऊन निवडायला बसली.