अकरा नंबरची नळी

कमळाबाई त्र्यंबकच्या एसटीवर कंडक्टर. आवाज असा खणखणीत, की मागच्या सीटवर डुलक्या घेणाराही दचकून तिकिटाला हात पुढे करायचा. लेक अंजली नाशिकमधल्या एका प्रयोगशाळेत रक्ताच्या कर्करोगावर काम करते. पेशीला 'वाढ' असा निरोप देणारं एक प्रथिन असतं. निरोगी माणसात तो निरोप येतो आणि थांबतो; आजारी पेशीत थांबतच नाही. त्या न थांबणाऱ्या निरोपामागे अंजलीनं सात वर्षं घालवली.

तुलनेसाठी निरोगी रक्त लागतं आणि ते द्यायला कोण येणार? म्हणून घरच्यांनाच धरून आणायची तिथली रीत. कमळाबाई ड्युटी संपवून खाकी कपड्यांतच आली, बाही वर केली. नळीवर नाव लिहायचं नाही, फक्त आकडा. तिचा आकडा अकरा, पण देणाऱ्याला तो सांगायचा नाही. दुसऱ्या दिवसापासून गाडीत भेटेल त्याला सांगत सुटली, "माझं रक्त संशोधनाला गेलंय!"

वीसपैकी एकोणीस नळ्या शहाण्यासारख्या वागल्या. अकरा नंबरात निरोप चालूच.

"मॅडम, परत एकदा रक्त घेऊ या," तंत्रज्ञ आवेज म्हणाला. "साधी तपासणी तरी करू."

अंजली उखडली. "माझी आई आहे ती! दिवसभर गाडीत उभी असते, साधा ताप नाही कधी. तूच नळी फ्रीजबाहेर ठेवली असशील."

शोधनिबंध छापायला पाठवायला चार दिवस उरले होते. तिनं अकरा नंबर वगळला. दुसऱ्या कुणाची आई असती तर हिनं त्याच दुपारी फोन केला असता.

दोन वर्षांनी कमळाबाईनं घंटीच्या दोरीला हात घातला आणि तिथंच कोसळली. डॉक्टर म्हणाले, "रक्ताचा कर्करोग, फार पुढे गेलाय. वेळीच कळलं असतं तर रोजच्या गोळीवर वर्षानुवर्षं निभावलं असतं." हेच वाक्य अंजली दरवर्षी विद्यार्थ्यांना सांगायची. तिला स्वतःची किळस आली. आईला मात्र तिनं काही सांगितलं नाही, आणि आवेजनं त्या दिवसापासून तिच्याकडे मान वर करून पाहिलं नाही.

वॉर्डात कमळाबाईनं हट्टच धरला. "तुझा तो छापलेला निबंध आण गं. माझा नंबर बघायचाय मला."

अंजलीनं आणला. इंग्रजीतल्या तक्त्यात दहानंतर थेट बारा होता. खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती : एक नमुना खराब असल्यानं वगळला.

"कुठाय?"

अंजलीनं बारावर बोट ठेवलं.

कमळाबाईनं त्या आकड्यावरून अंगठा फिरवला. तिचा तो आवाज आता पलंगापलीकडेही जात नव्हता, तरी शेजारच्या बाईला तिनं हाक मारलीच. "हे बघा, बारा. ही मी. माझ्या रक्तामुळं कुणाचा तरी जीव वाचंल."

मग लेकीकडे वळून म्हणाली, "वाचंल ना गं?"

"हो आई," अंजली म्हणाली.